इंदूमावशीच्या पाच साइटी

माझी इंदूमावशी रोज दिवेलागणीला घरातलं उरलंसुरलं अन्न एका पिशवीत भरते आणि ती पिशवी दोरीनं काजूच्या झाडावर टांगते. चांगली दोन पुरुष उंच. का, असं विचारलं तर शांतपणे सांगते, "अस्वल येता."

मावशीच्या गावात, लाटंबार्शात, अस्वल आल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. वाळपईपलीकडच्या रानात असतात म्हणे एखाददुसरी. पण ती मावशीच्या शिळ्या भातासाठी एवढी तंगडतोड करून डिचोली तालुक्यात उतरतील, असं काही मला वाटत नाही. मी एकदा तिला तसं म्हणालो.

"कॅनडात तरी रोज खंय येता?" ती म्हणाली. "पण सगळे बांधतत. आपण बांधूचा. मगे येवंदे, नायतर नको येवंदे."

अस्वल आलं नाही. माकडं आली. इतक्या सोयीच्या उंचीवर त्यांना आजवर कुणी पान वाढलं नव्हतं. चौथ्या दिवशी तर ती वेळेआधीच येऊन फांदीवर ओळीनं बसली, पंगतीला बसावं तशी. मावशीनं हार मानली नाही. तिनं फक्त गाठ बदलली.

इंदूमावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. वय चौसष्ट. नोकरीची सगळी वर्षं वाळपईच्या बाजूला सरकारी दवाखान्यात नर्स होती. त्या भागातली निम्मी माणसं जन्माला आल्या आल्या तिनं पायांना धरून उलटी केलेली आहेत, त्यामुळे मोठी झाली तरी ती तिच्यापुढे फार ताठ उभी राहत नाहीत. यजमान लवकर गेले. एकुलती मुलगी शिल्पा लग्न होऊन कॅनडाला गेली. मावशी निवृत्त झाली आणि लाटंबार्शाच्या घरी, काजूच्या बागायतीत एकटी राहू लागली.

शिल्पाला मुलगा झाला तेव्हा मावशी सहा महिने तिकडे जाऊन राहिली. ती परत आली तेव्हा आम्ही झाडून सगळे नातेवाईक तिला आणायला मोपाच्या विमानतळावर गेलो होतो. प्रेम होतंच, पण खोटं कशाला बोला, चॉकलेटांचीही आशा होती. घरी येऊन बॅग उघडली. वर दोन साड्या. साड्यांखाली एक हिरवं कापड. कापडाखाली दांड्या. दांड्यांखाली लोखंडी खुंट्या, दोरीची दोन भेंडोळी आणि कपाळाला बांधायची एक बॅटरी.

"ह्या काय?" माझी बायको सुजाता म्हणाली.

"तंबू," मावशी म्हणाली. "दोन माणसांचो. आता सगळे येवा हंय, चार दीस रवा. जेवण घेवन येवा."

शिल्पानं तिला तिथं उत्तरेच्या जंगलात एका तळ्याकाठी कॅम्पिंगला नेलं होतं. जायच्या आधी मावशीनं चिकार तोंडसुख घेतलं होतं. एवढं लाकडी घर बांधलंय, गरम पाणी आहे, मग जमिनीवर निजायला चार तास गाडी कशाला हाकायची? पण तिथून आली ती बदलूनच. तिथं म्हणे प्रत्येकाच्या जागेला नंबर असतो. तिथं म्हणे तळ्यावर एक पक्षी आहे, तो वेड लागल्यासारखा हसतो. आणि तिथं म्हणे खाकी टोपीतली एक रेंजरबाई फिरते, तिच्या एका नजरेनं माणसं गप्प होतात. ह्या रेंजरबाईचं वर्णन करताना मावशीच्या डोळ्यांत जी चमक यायची, ती पाहूनच आम्ही सावध व्हायला हवं होतं.

महिन्याभरात बागायतीतल्या पाच काजूंवर पांढऱ्या रंगानं आकडे आले. साइट नंबर एक ते पाच. बागायतीच्या खालच्या अंगाला ओहोळावर बंधारा आहे, त्याचं पाणी अडून लहानसं तळं होतं. तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर पत्र्याचा फलक लागला: रात्री नऊनंतर शांतता. पाण्यात साबण नाही. विस्तव पाणी ओतून विझवणे. आणि सगळ्यात खाली, लाल रंगात: आपण आलो होतो हे कुणाला कळता कामा नये.

हा शेवटचा नियम खरं तर मागे कचरा न टाकण्याबद्दल होता, पण तो आमच्या पेडण्याच्या मामांना फार झोंबला. "मी जिल्हाभर वळखीचो माणूस," ते म्हणाले, "माका असो नियम?"

पहिल्याच कॅम्पला मामा नऊ वाजून पाच मिनिटांनी घोरू लागले. मावशी कपाळाला बॅटरी बांधून साइट नंबर चारवर हजर झाली, त्यांना कुशीवर वळवलं आणि पाठीमागे उशी ठासून गेली. दवाखान्यात पेशंटला करतात तसं. मामांना सकाळपर्यंत हलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पोदेराला, म्हणजे पाव घेऊन सायकलीवर येणाऱ्या बेकरीवाल्याला, बागायतीच्या दगडी गडग्याच्या आत पोंपों वाजवायला बंदी केली. तो बिचारा गडग्याबाहेर सायकल उभी करून "बाये, पांव!" अशी आरोळी ठोकू लागला. ती भोंग्याच्या तिप्पट मोठी होती. मावशी म्हणाली, माणसाचा आवाज चालतो, रेंजरबाईसुद्धा ओरडायची.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेलं होतं. मावशी एकटी आहे, तिला काहीतरी विरंगुळा हवा, असं आम्ही एकमेकांना सांगायचो आणि आपापल्या घरी जायचो.

आता माझ्या भावाचं सांगायला हवं. दामू माझ्याहून पाच वर्षांनी लहान. खाणी चालू होत्या तेव्हा खनिजाचा ट्रक चालवायचा. त्या बंद पडल्यावर पेडण्याला बिऱ्हाड हलवून टॅक्सी चालवू लागला. आई माझ्याकडे डिचोलीत असायची. आई गेली त्या दिवशी दामू पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. तो दारात आला आणि मी भरल्या घरात, सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, "आता कित्याक इलंस?" तो उंबऱ्यावरूनच मागे फिरला. पायांतल्या चपलासुद्धा त्यानं काढल्या नव्हत्या. त्यानंतर दोन वर्षं आम्ही एकमेकांशी शब्द बोललो नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी मावशीनं मला फोन केला. "नवी दोरी हाडलंय. तंबू उभो करूक एक माणूस होयो. एकटोच ये."

मी गेलो. आंब्याखाली पांढरी टॅक्सी उभी होती. तिच्या पलीकडे साइट नंबर दोनवर दामू हातात दांडी घेऊन उभा. त्यालाही तिनं हेच सांगितलं होतं, अगदी "एकटोच ये" इथपर्यंत.

मी परत फिरणार तेवढ्यात मावशीनं माझ्या हातात दुसरी दांडी दिली आणि आपण दगडावर जाऊन बसली.

तो तंबू असा आहे की एकट्यानं उभा राहतच नाही. दोन लांब दांड्या कापडातून फुलीसारख्या ओवायच्या, आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी वाकवून कोपऱ्यांत खुपसायच्या. एकानं आधी वाकवली की दुसऱ्याची सुटते. म्हणजे बोलावं लागतं.

"मावशे," मी म्हणालो, "तेका सांग, ता टोक घट्ट धर."

"मी टपालखाता नाय," मावशी म्हणाली.

"मावशे," दामू म्हणाला, "त्यांका सांग, त्यांनी दांडी उलटी घातल्यानी हा." रागावला की तो मला अहो-जाहो करतो.

"माका कायएक आयकूक येणा नाय," मावशी म्हणाली आणि तळ्याकडे तोंड करून बसली.

तंबू तीनदा पडला. पहिल्यांदा माझ्यावर, दुसऱ्यांदा त्याच्यावर, तिसऱ्यांदा दोघांवर. चौथ्या वेळी माझ्याकडची दांडी सटकली आणि सपकन त्याच्या कानशिलावर बसली. माझ्या तोंडून निघून गेलं, "लागला रे?"

"नाय," तो म्हणाला.

पाचव्या वेळी तंबू उभा राहिला.

निखाऱ्यांवर भाजलेले खारे बांगडे आणि उंडे पाव खाऊन होईपर्यंत अंधारलं आणि तळ्यावरून मच्छरांची फौज आली. मावशीनं आम्हा दोघांना तंबूत घातलं आणि बाहेरून चेन ओढली. साडेसात वाजले असतील. मोबाइलला रेंज नाही. तंबू दोन माणसांचा खरा, पण कॅनडातली ती दोन माणसं फारच बारीक असावीत. मी एक्कावन्न वर्षांचा शाळामास्तर आणि तो शेहेचाळीस वर्षांचा टॅक्सीवाला, दोघं खांदे चिकटून उताणे पडलो होतो. अंधारात त्याचं तोंड मला दिसत नव्हतं, माझं त्याला.

बऱ्याच वेळानं तो तंबूच्या छपराला म्हणाला, "तू माका फोन करूक नाय, दादा. माका शेजारच्या बायेन कळवल्यान. मी विमानतळावर गिराईकाची वाट बघत होतंय."

याचं उत्तर माझ्याकडे दोन वर्षं तयार होतं. फोन लावला होता, लागला नाही. सगळ्यांना मी तेच सांगितलं होतं, आणि सांगून सांगून मलाही ते खरं वाटू लागलं होतं. पण मी फोन लावलाच नव्हता. आधी वाटलं, डॉक्टर काय म्हणतात ते बघू. मग वाटलं, सुजाता करील. मग आई गेली, आणि आता कुठल्या तोंडानं कळवू असं झालं. ते मला सोसेना. म्हणून दारात आलेल्या भावाच्या अंगावर मी ते सगळं टाकलं.

"करूक नाय," मी म्हणालो. "चूक माझी. त्या दिसा तुका बोल्लंय, तीसुद्धा माझी."

मग त्याचा श्वास एकदम मोठा झाला, आणि मला कळलं की तो रडतोय. मीही तेच करत होतो. थोड्या वेळानं तो नाक ओढत म्हणाला, "सरक वायच. पाठीक दगड टोचता."

मी सरकलो. मग आम्ही आईबद्दल बोललो. आई शेवटच्या दिवसांत काय खायची, कुणाची आठवण काढायची, हे त्याला काहीच ठाऊक नव्हतं. ते त्यानं एकेक करून विचारलं, मी सांगितलं. नऊ कधीच वाजून गेले. आम्ही काही हळू बोलत नव्हतो. पण कपाळावर बॅटरी बांधून कुणीही आलं नाही.

पहाटे मी बाहेर आलो तेव्हा तळ्यावर धुकं होतं आणि मावशी तीन दगडांच्या चुलीवर चहा ठेवून बसली होती. डोक्याला कानटोपी. मी जाऊन समोर बसलो.

"तुका ठावक होता," मी म्हणालो, "तंबूत घातल्यार आम्ही बोलतलो म्हणान."

"नाय. पण मी एकदा बघलंय." तिनं काटकी मोडून आत सारली आणि जरा थांबून सांगू लागली.

कॅनडात पहिले तीन महिने तिचं आणि शिल्पाचं धड चाललं नव्हतं. बाळाला तेल लावण्यावरून, आंघोळीवरून, कशाकशावरून. एका घरात राहून दोघी कामापुरत्या बोलत. कॅम्पिंगला गेल्यावर थंडी फार म्हणून जावई बाळाला घेऊन गाडीत निजला, आणि तंबूत ह्या दोघीच. दिवा मालवल्यावर शिल्पा म्हणाली, आई, ह्याच्या आधी एक होतं. पाचव्या महिन्यात गेलं.

"मी म्हटलंय, माका सांगूक कित्याक नाय?" मावशी चहाकडे बघत म्हणाली. "तर म्हणता, तू विचारलं असतंस, काय उचललंस, काय खाल्लंस. दवाखान्यात बायांक विचारतस तसा."

चहा उकळून वर आला.

"आणि विचारलाच असता मी, झिला. माका माझो स्वभाव ठावक आसा." तिनं पदरानं भांडं उतरवलं. "दोन वर्षां मी हंय लोकांची भुरगी झेलत होतंय. लोकांक सांगत होतंय, माझ्या चेडवाचा अजून काय नाय. आणि ता येवन, माका आजी करून, गेल्लासुद्धा. माका पत्तोच नाय."

"मगे तू काय म्हटलंस तिका?"

"काय म्हणतलंय? तिचे पाय बर्फ झाल्ले. ते घेतलंय पोटाशी. उजाडसर तशीच बसलंय."

मला काहीतरी बोलायचं होतं. मी तोंड उघडलं तर तिनं हात वर केला.

"तू आयकलंस मा? पुरे. आता तोंड धू, आणि दामूक उठय. चाय निवतली."

मी तंबूपाशी जाऊन वाकलो आणि त्याला नावानं हाक मारली. तो जागाच होता. कापडाच्या भिंती, चूल दहा पावलांवर; मावशीचं सगळं त्याला ऐकू गेलं असणार. चेन उघडून तो बाहेर आला, माझ्याकडे बघितलं आणि थेट चुलीकडे गेला. समोर बसायला मोकळा दगड होता. तिथं न बसता तो मावशीला अगदी खेटून, खांद्याला खांदा लावून जमिनीवर बसला. मावशी त्याला सरक म्हणाली नाही. तिनं त्याच्या हातात चहा दिला.