शोभाताई कॅव्हियार खातात

गाडी हॉटेलच्या दारात थांबली आणि शोभाताई चौधरी म्हणाल्या, "विहंग, आज चतुर्थी आहे. मले उपासाचंच चालते."

विहंगचे हात स्टिअरिंगवरच थिजले. "आई, हे तू आता सांगून राहिली?"

"सकाळपासून दोनदा सांगतलं. तू कानात ती बोंडं खुपसून हो हो करत होता."

मागच्या सीटवरून विहंगच्या वडिलांनी, मधुकररावांनी, तोडगा काढला. "तिले लिंबूपाणी देऊ. आपण खाऊ." त्यांनी दुपारी मुद्दाम एकच पोळी खाल्ली होती. कळमन्याच्या बाजारात फळांची दलाली करणारा हा माणूस फुकटच्या जेवणाला कधीच भरल्या पोटी जात नसे.

आजचं जेवण मात्र साधं नव्हतं. विहंग आणि मयुराने एकमेकांना पसंत केलं होतं. राहिली होती ती मयुराच्या वडिलांची पसंती. आई नसलेली एकुलती एक मुलगी आणि जरीपटक्यात टाइल्सची तीन मजली शोरूम, यामुळे ओमप्रकाशजींची पसंती सहजासहजी मिळत नसे. शोभाताईंचा पापडांचा व्यवसाय कळल्यावर ते "बायांना टाइमपास पाहिजेच" एवढंच बोलले होते. त्या टाइमपासावर चौदा बायांची घरं चालत होती, पण विहंगने आईकडून वचन घेतलं होतं, "पापड हा शब्द काढायचा नाही."

'काळा मोती' अकराव्या मजल्यावर होतं. नागपुरातलं पहिलंच कॅव्हियार रेस्टॉरंट, म्हणजे माशाची महागडी अंडी खायची जागा, असं दारावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं. आत इतका अंधार होता, की मधुकररावांनी एका खांबालाच नमस्कार केला. मग खरे ओमप्रकाशजी पुढे आले.

"या, या! मी म्हटलं, पहिल्यांदा भेटून राहिलो आपण, तर साधंसुधं काहून खायचं? दुबईत मी हे रोज खात होतो."

"चार दिवस होते तिथं," मयुरा हळूच म्हणाली.

"चारही दिवस खात होतो ना!"

शोभाताईंनी उपासाचं सांगताच ओमप्रकाशजींचा चेहरा पडला. "म्हणजे तुम्ही काहीच घेणार नाही? मी आठ दिवस आधी टेबल सांगून ठेवला, ताई." आवाजात आदर होता, पण 'हे लोक काही आपल्यातले नाहीत' हेही त्यात स्पष्ट ऐकू येत होतं. विहंगने टेबलाखाली मयुराचा हात धरला.

पाऊण तास नुसतं व्हायोलिन ऐकू येत होतं. मग चौघे वाढपी पावलांचा आवाज न करता आले आणि त्यांनी परातीएवढ्या चांदीच्या ताटात बर्फाचा डोंगर आणून ठेवला. त्या डोंगराच्या टोकावर एक वाटी होती. वाटीत काळे चमकदार मणी होते, आणि ते सगळे मिळून जेमतेम दोन चमचे भरले असते.

"बाकीचं मागून येते काय?" मधुकररावांनी विचारलं.

"हेच आहे, सर," वाढपी म्हणाला आणि प्रत्येकासमोर शिंपल्याचा इवलासा चमचा ठेवला.

मधुकररावांनी चमच्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, आणि बर्फाचा एक खडा उचलून तोंडात टाकला. निदान तो तरी भरपूर होता.

ओमप्रकाशजींनी पहिला चमचा घेतला, डोळे मिटले आणि मान मागे टाकली. "वा! समुद्र आहे, समुद्र! लाट येऊन राहिली जिभेवर."

मधुकररावांच्या जिभेवर कसलीच लाट आली नाही. ते बायकोच्या कानाशी लागले, "हे दाताले चिकटून राहिलं वं."

'चिकटून' हा शब्द ऐकला आणि शोभाताईंनी पर्समधून चष्मा काढला. त्यांनी वाटी जवळ ओढली. एक मणी चिमटीत धरून टेबलावरच्या मेणबत्तीसमोर नेला. काळ्या मण्याच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका होता. त्यांनी मणी अंगठ्याने दाबला. माशाचं अंडं असतं तर फुटलं असतं. हा मणी चपटा झाला आणि बोटाला चिकटून बसला.

तीस वर्षं हा पांढरा ठिपका त्यांचा वैरी होता. तो दिसला की पापड फुटतो. पहाटे चार वाजता उठून शोभाताई पिंपातल्या दाण्यांत हाच ठिपका शोधत असत.

त्यांनी वाढप्याला बोलावलं. "याच्यात मीठ कोणतं आहे?"

"हिमालयन पिंक सॉल्ट, मॅडम."

"म्हणजे सैंधव," शोभाताई समाधानाने म्हणाल्या. त्यांनी शिंपल्याचा चमचा बाजूला ठेवला, आपल्या लिंबूपाण्यातला मोठा चमचा उचलला आणि वाटी रिकामी करायला सुरुवात केली.

"आई!" विहंग जवळजवळ किंचाळला. "तुझा उपास!"

"उपासच करून राहिली मी."

"ताई, ती मासोळीची अंडी आहेत!" ओमप्रकाशजी घाबरून म्हणाले. जबरदस्ती करून एका बाईचा उपास मोडला, हे पाप आपल्या माथी येणार, असं त्यांना वाटलं.

"साबुदाणा आहे," शोभाताई म्हणाल्या. "आणि कच्चा आहे."

शेजारच्या दोन टेबलांवरचे चमचे थांबले. ओमप्रकाशजींचा चेहरा लाल झाला. "मी दुबईत खाल्लंय, ताई! मले ओळखू नाही येणार? बोलवा मॅनेजरले!"

मॅनेजर सौरव काळ्या कोटात आला. चाळिशीचा, गंभीर, बोलण्यात मऊ. परदेशातून आलेला माल, सर्टिफिकेट, तापमान, असं सगळं त्याने सांगितलं. शोभाताईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरं. एक कप उकळतं पाणी आणा."

पाणी आलं. त्यांनी वाटीतले उरलेले मणी त्यात सोडले आणि वर बशी झाकली. "अंडं असलं तर शिजून घट्ट होईल. साबुदाणा असला तर फुगून काचेसारखा होईल. पाच मिनिटं बसा गा, भाऊ."

सौरव बसला नाही, पण त्याच्या कपाळावर घाम दिसू लागला. मधुकररावांनी घड्याळ लावलं. शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ खुर्ची घेऊन सरळ जवळच आले. पाच मिनिटांनी शोभाताईंनी बशी उचलली. पाणी शाईसारखं काळं झालं होतं आणि त्यात टपोरे, नितळ, एकमेकांना बिलगलेले साबुदाणे डुलत होते.

सौरवने हात जोडले. "मॅडम, दुपारी फ्रीजर बंद पडला. सगळा माल गेला. मालक म्हणाले, बुकिंग फुल आहे, काहीतरी करा. मी इथल्या मौद्याचा माणूस, मले साबुदाण्याबिगर दुसरं काय सुचणार?"

"मासोळीले लागलेला हात लागला काय याले?"

"नाही, मॅडम. खायचा काळा रंग आणि मीठ, बस."

"मग मी खाल्लं ते चाललं. पण या लोकांनी मासोळी समजून खाल्लं, ते नाही चालत. प्रत्येक टेबलावर जाऊन खरं सांगा. आणखी भिजवलेला आहे?"

"पाच किलो. रंग न दिलेला."

शोभाताईंनी पदर खोचला. "चला, स्वयंपाकघर दाखवा. तीस वर्षं साबुदाण्याचे पापड करते मी." दिलेलं वचन मोडलं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

सौरव टेबलाटेबलाशी हात जोडत गेला. आधी आवाज चढले. एकाने मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला. एका बाईने पर्स उचलली. इतक्यात आतून तुपात तडतडणाऱ्या जिऱ्याचा आणि हिरव्या मिरचीचा वास आला आणि त्या बाईने पर्स पुन्हा खाली ठेवली. पांढऱ्या उंच टोप्या घातलेले तीन आचारी शोभाताईंच्या हाताखाली दाण्याचं कूट करत होते. "वाफ दे आधी. हलवू नको इतका, लगदा होते!" हा आवाज व्हायोलिनच्या वर चढला, तेव्हा वाजवणाऱ्यानेच व्हायोलिन खाली ठेवलं.

अर्ध्या तासात चांदीच्या त्याच ताटांतून वाफाळती खिचडी बाहेर आली. दाणा दाणा मोकळा. शिंपल्याचे चमचे कोणी मागितले नाहीत.

ओमप्रकाशजी मात्र ताटाकडे न पाहता बसले होते. आजूबाजूची माणसं आपल्याकडेच पाहून हसताहेत, असं त्यांना वाटत होतं. शोभाताई पदराने कपाळ पुसत आल्या आणि जमलेल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "यांनी तर पहिल्याच घासाले ओळखलं होतं. पाहुण्यांचा मूड खराब होऊ नये म्हणून बोलले नाही. म्हणूनच मी बारकाईनं पाहिलं."

ओमप्रकाशजींनी मान वर केली. त्यांनी शोभाताईंकडे पाहिलं. मग ते ताठ झाले.

"हो ना," ते खुर्ची घेऊन बसलेल्या गृहस्थांना म्हणाले. "दुबईचा माल असा चिकटत नाही. पण म्हटलं, जाऊ द्या."

मयुराने हसू दाबण्यासाठी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. ओमप्रकाशजींनी पहिली प्लेट संपवली, दुसरी संपवली, आणि तिसरी मागताना जरा लाजले. शोभाताईंनी स्वतः वाढली. वर लिंबाची फोड पिळली.

"घ्या, व्याहीबुवा," त्या म्हणाल्या. "लाट येऊन राहिली काय?"

"व्याही?" ओमप्रकाशजींचा चमचा हवेत थांबला. ते एकदा मुलीकडे, एकदा खिचडीकडे पाहत राहिले.

"अजून थोडं कूट टाका ना, विहीणबाई," ते म्हणाले.