'राजपूत' शब्दाचं कार्ड

शब्दकोशाच्या कचेरीत सकाळी सकाळी कार्डवाल्या काकांना दरदरून घाम फुटला. 'र'च्या खणात 'राजपूत' शब्दाचं कार्डच नव्हतं! एका शब्दाला एक कार्ड, ही इथली रीत. बावीस वर्षांत काकांनी एकही कार्ड हरवलं नव्हतं, आणि हरवलं तेही नेमकं गुरुजींच्या हातचं! मुख्य संपादक गुरुजींनी त्या एका शब्दापायी सहा महिने घालवले होते. ते कार्ड खणातून काढून वाचायची कुणाची छाती होत नसे. त्या खणापाशी लोक बोलायचेसुद्धा हळू आवाजात.

"बारा वाजता छापखान्याचा माणूस येणार. बाई, माझी अब्रू गेली हो!"

"मी लिहिते नवं," नव्या सहसंपादक बाई म्हणाल्या.

"गुरुजींच्या जागी? उचलली जीभ लावली टाळ्याला!"

पण बाई चार जाडजूड ग्रंथ उघडून बसल्यासुद्धा. तासाभरानं काकांनी कार्ड वाचलं. मूळ संस्कृत 'राजपुत्र', म्हणजे राजाचा मुलगा. पुढे जहागीरदारांना, घोड्यावरच्या लढवय्यांनाही हाच शब्द लागला आणि शेकडो वर्षांनी तो एका अख्ख्या समाजाचं नाव झाला. तोच झिजत झिजत मराठीत 'राऊत' झाला, म्हणजे घोडेस्वार.

"अरे बापरे! राजवाड्यातून निघाला तो घोड्यावर बसून थेट आपल्या दारात! अंगावर काटा आला बघा."

आता कार्ड गुरुजींच्या जुन्या कार्डासारखं दिसायला हवं. काकांनी ते चहात बुडवलं, तर शाईच पसरली. दुसरं कार्ड आधी चहात बुडवलं, पंख्याखाली वाळवलं, मग बाईंनी गुरुजींच्या वळणाचं अक्षर काढत पुन्हा लिहिलं. तेवढ्यात आतून गुरुजींची हाक आली, "काका, 'राजपूत' आणा पाहू."

झालं! काकांनी कार्डावर एक फुंकर घातली आणि ते आत नेलं.

गुरुजींनी कार्ड दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. "काय सुरेख लिहिलंय! कुणी?"

"तुम्हीच की, गुरुजी."

"मी? मग याला चहाचा वास कसा येतोय?"

काकांनी सगळं कबूल केलं. नोकरी गेली, असं समजून ते मान खाली घालून उभे राहिले.

गुरुजी वाकले. टेबलाच्या पायाखालून त्यांनी घडी घातलेलं एक कार्ड ओढून काढलं. त्यावर त्यांच्याच अक्षरात एकच ओळ होती, 'राजपूत : पाहा राजपुत्र.'

काकांनी धावत जाऊन 'राजपुत्र'चं कार्ड आणलं. त्यावर होतं, 'पाहा राजपूत.'

"सहा महिने या दोन कार्डांमध्येच येरझाऱ्या घालत होतो हो," गुरुजी हळूच म्हणाले. "लाज वाटली, म्हणून दडवलं. आज तुम्ही 'सापडत नाही' म्हणालात की सगळं कबूल करणार होतो. छापखान्याला बाईंचं कार्ड द्या, खाली त्यांचं नाव घाला."

"आणि हे?"

"ते होतं तिथं सरकवा. टेबल डुगडुगतंय."