जगदाळे सरांची खेकडी

आमचे जगदाळे सर खेकडीला अहो-जाहो करत. "बाईसाहेब जेवल्या का बघतो," म्हणून भर गप्पांतून उठून जात. सर मूळचे वडूजचे, सांगलीत कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि आमच्या शेजारच्या खोलीत एकटे राहत. कृष्णाकाठची ती खेकडी त्यांच्या घंगाळात असे. सर स्वतः सार्वजनिक नळाखाली आंघोळ उरकत.

खेकडी अंडी पोटाखाली धरून हिंडते, हे मला त्यांनीच दाखवलं. आठवड्याला दहा अंडी ते चिमट्याने काढत, वाळवत, तोलत. "आतला पिवळा बलक म्हंजे आईनं बांधून दिलेली शिदोरी," ते सांगत. "पिल्लाला भायेरनं कायबी मिळत न्हाई. हिच्यावरच डोळं, पाय, समदं करायचं. आन गडी लय हुशार. चरबी जपून ठेवतंय, शेवटाला हात घालतंय."

शिदोरी सरली की पिल्लं निघतात, असं ते सांगत. पण तीन वर्षं दरवेळी खेकडीने अंडी आधीच झटकून टाकली होती. यंदाही तेच झालं तर नाद सोडणार, असं ते म्हणाले तेव्हा मलाच वाईट वाटलं.

पंचाहत्तरच्या पावसाळ्यात एका सकाळी त्यांच्या दारावर खडूने लिहिलेलं दिसलं : 'शिदोरी संपली. आज निघणार. कडी वाजवू नये.'

"भावजींची बदली झाली वाटतं," बायको म्हणाली. "आणि वाटेत खायला काही नाही, हे दारावर लिहायची पाळी यावी माणसावर?"

तासाभरात गल्ली जमली. भाकऱ्या, खर्डा, शेंगदाण्याची चटणी. मुलाणी चाचींनी तर उकडलेली अंडी आणली. सगळं एका फडक्यात बांधून बायकोने बेधडक कडी वाजवली.

सर लुंगीवरच बाहेर आले. "निघाली वैनी, समदी निघाली," म्हणत त्यांनी आम्हाला घंगाळापाशी नेलं. मोहरीएवढे खेकडे आईच्या पोटाला बिलगून वळवळत होते. बलकाची शिदोरी मला तेव्हा कुठे आठवली. घोटाळा उलगडला आणि चाची हसून हसून खालीच बसल्या. बायको ओशाळून गाठोडं उचलायला गेली, तर सरांनी त्यावर हात ठेवला.

"आई मला आठवत न्हाई," ते म्हणाले. "शिकायला गाव सोडलं, तवा येष्टीत रिकाम्या हातानं बसलो व्हतो. मला कुठं जायचं न्हाई वैनी. पन बांधलीच हाय, तर ऱ्हाऊ द्या."