प्रतिवादीचा माळा

मुलीच्या लग्नात, हातात अक्षता घेऊन उभं असताना, भटजींनी सहज विचारलं, "मग करायची सुरुवात?" आणि खुद्द वधूपित्यानं सांगितलं, "माझी हरकत हाय."

मांडव गार पडला. नवऱ्याचा मामा तर गाडी जुंपायला निघाला. तेवढ्यात आपण कुठं उभे आहोत हे नरसूअण्णांच्या ध्यानात आलं आणि ते शांतपणे म्हणाले, "हरकत मागं घेतली. वाजवा."

आमचे शेजारी नरसूअण्णा हे असे. आमटीत मीठ जास्त पडलं की हरकत, कोंबडा अवेळी आरवला की हरकत. उळवीच्या जत्रेत देवापुढं नारळ ठेवला की घरी येऊन सांगत, "अर्ज दाखल केलाय. बघू देव कधीची तारीख देतोय."

ही भाषा त्यांना कोर्टानं लावली, आणि कोर्ट लावलं कोंडी नावाच्या शेतानं. सुप्याहून उळवीला जाणाऱ्या वाटेवर आमचं गाव. तिथं अण्णांच्या आणि गावातल्याच म्हादूच्या वडिलांनी मिळून रान तोडून ते भातशेत केलं होतं. मोजणीवाले आले त्या दिवशी अण्णांचे वडील तापानं फणफणलेले. बांधावर हजर होता तो म्हादूचा बाप एकटाच कागदावर चढला. त्या म्हाताऱ्यांना त्याचं काही वाटलं नाही. दोघं अर्धं अर्धं पेरत राहिले आणि सुखानं मेले. पण अण्णांना ते सलायचं. माझ्या बापाचा घाम काय सरकारला दिसला न्हाई, म्हणत त्यांनी हल्याळच्या कोर्टात म्हादूवर दावा लावला. अर्ज मी लिहून द्यायचो. माझं नुकतंच लग्न झालं होतं, आणि एवढा सन्मान मला सासुरवाडीतही मिळत नव्हता.

शेताची नोंद ठेवणारे आमचे शानभोग. दर उन्हाळ्यात अण्णा खांद्यावर फणस घेऊन त्यांच्या ओसरीवर जात आणि नोंद माझ्या नावावर करा म्हणत. शानभोग फणस आत पाठवत आणि सांगत, "दावा कोर्टात हाय. निकाल लागेपातर नाव फिरत न्हाई." येताना वाटभर अण्णा शानभोगांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

कोर्टाची तारीख हा मात्र सोहळा. गाडी अण्णांची, बैल म्हादूचे. एकट्यानं जायची सोयच नव्हती. म्हादूची बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. त्यामुळं भाकरी दोघांची अण्णांच्या घरून. एकदा परतताना अण्णा चिडले, "माझ्या घरची भाकरी खाऊन माझ्याच इरुद्ध जबानी देतोस व्हय रे?"

"चटणी तिखट व्हती," म्हादू म्हणाला. "जबानी कडक झाली."

भात पिकायला लागलं की रानडुकरं उतरत. त्यांना वादी-प्रतिवादी कळत नाहीत, म्हणून शेताच्या दोन टोकांना राखणीचे दोन उंच माळे, एकावर अण्णा, दुसऱ्यावर म्हादू. राखणीला झोप येऊ नये म्हणून हाळी द्यायची आमच्याकडची रीतच आहे.

"परतिवादीऽ, जागा हाईस न्हवं?"

"हाय. तू घोरू नको."

डुकरांचं माहीत नाही, अख्खा गाव मात्र जागा राही.

मग एका पावसाळ्यात म्हादू हिवतापानं गेला. दिवसकार्य अण्णांनीच केलं. ते उरकल्यावर शानभोग आपण होऊन म्हणाले की आता मागं कुणी वारस नाही, नोंद अण्णांच्या नावावर चढवून टाकू. चावडीवर गाव जमला. रीतीप्रमाणं त्यांनी विचारलं, "कुणाची हरकत?"

"माझी हाय," अण्णा म्हणाले.

लोक हसले. अण्णा हसले नाहीत.

"अरे, तुझ्याच नावावर करतोय," शानभोग म्हणाले.

"दावा कोर्टात हाय. निकाल लागेपातर नाव फिरत न्हाई. माझे फणस खाऊन तुम्हीच सांगितलंय."

"पण प्रतिवादी मेला की, नरसू."

"मेला असंल. हरला न्हाई."

शानभोगांनी लेखणी कानावर ठेवली. म्हादूचं नाव होतं तिथंच राहिलं.

त्या साली भात पोटरीला आलं तेव्हा मी कोंडीवरून येत होतो. अण्णा म्हादूच्या माळ्यावर चढून नवं गवत शाकारत होते. आता इथं कोण बसणार, असं मी विचारलं. खाली न बघता ते म्हणाले, "परतिवादीची मिळकत हाय. पडू देता येत न्हाई."

दिवस मावळता मावळता ते आपल्या माळ्यावर गेले. मी वाटेला लागलो, तोच मागून ओळखीची हाळी आली, "परतिवादीऽ, जागा हाईस न्हवं?"

म्हादूला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागे, तेवढा वेळ शेत गप्प राहिलं. मग अण्णांचा आवाज आला, हळू, "न्हाई घोरत रे. न्हाई घोरत."