चार चमचे आंबेहळद

कौशल्याबाईंनी वारज्याच्या फ्लॅटमध्ये चेहऱ्याचा लेप करायला घेतला, तेव्हा नवऱ्याकडून त्यांना एकच मदत हवी होती. पाव किलो आंबेहळद. बाकी सगळं घरात होतं. मसुराची डाळ दळून ठेवली होती, संत्र्याच्या साली गॅलरीत वाळून कडकडीत झाल्या होत्या आणि गुलाबाच्या पाकळ्या शेजारच्यांच्या सत्यनारायणानं पुरवल्या होत्या.

"आंबेहळदच आणा," त्यांनी दारातून बजावलं. "स्वयंपाकाची नको. आंबेहळदीचा डाग पडत नाही."

लेप लेकासाठी होता. तेजस हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत होता आणि रोज मोटारसायकलवरून धूळ खात जायचा. एरवी पावडरसुद्धा न लावणाऱ्या या मुलानं या खेपेला आपण होऊन लेप मागितला होता, वर एक जादा बरणीही मागितली होती. बरणी कुणाला, असं विचारल्यावर "ऑफिसातल्या एकांना" म्हणताना तो कानापर्यंत लाल झाला. त्याचे वडील नागोराव वसमतच्या एसटी डेपोत तीस वर्षं कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठं निघालीय, हे त्यांना पाटी न वाचता कळायचं.

बुधवार पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानात ते पोचले. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, "खायला की लावायला?"

"लावायला. चांगली हाय का?"

"दुकान चांगल्या मालाचं आहे," गृहस्थ म्हणाले. "गिऱ्हाइकांची खात्री आम्ही देत नाही."

नागोराव तडक बाहेर पडले. अपमान तर झालाच होता, पण मुळात त्यांना ही खरेदीच पटली नव्हती. वसमत म्हणजे हळदीचं गाव. धाकटा भाऊ उत्तरेश्वर दरवर्षी शेतातली दहा किलो हळद दळून पाठवतो. तिच्या नुसत्या वासानं शेजारीपाजारी चौकशीला येतात. घरात पोतंभर हळद असताना दुसऱ्याच्या दारात जाऊन विकत घ्यायची, म्हणजे स्वतःच्या विहिरीवर उभं राहून पाणी मागण्यासारखं होतं.

कौशल्याबाई भजनाला गेल्या होत्या आणि जाताना 'चार चमचे घालून सगळं कालवून ठेवा' असं सांगून गेल्या होत्या. नागोरावांनी पोत्यातली चार चमचे हळद घातली. मग पाचवा चमचा उत्तरेश्वराच्या नावानं घातला.

परत आल्यावर बाईंनी डबा उघडला. त्यांचं नाक पडशानं गच्च होतं, पण डोळे शाबूत होते.

"रंग जरा जास्तच वाटतोय हो."

"संत्र्याच्या साली हैत की त्या," नागोराव म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

शुक्रवारी बरणी ऑफिसात पोचती झाली. रविवारी दुपारी तेजसनं दुधात कालवून लेप चोपडला आणि आईनं सांगितलेली वीस मिनिटं सोडून तो सव्वा तास झोपला. उठून त्यानं तोंड धुतलं. मग साबणानं धुतलं. मग डाळीच्या पिठानं, लिंबानं आणि शेवटी भांड्यांच्या पावडरीनं धुतलं. हळद वसमतची होती, ती असल्या धमक्यांना भीक घालणारी नव्हती. कौशल्याबाई आ वासून बघत राहिल्या आणि मग त्यांनी त्या दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नागोराव मान डोलावत राहिले. आता खरं सांगावं, असं त्यांना तीनदा वाटलं आणि तिन्ही वेळा चहा आला.

खरा घोळ सोमवारी झाला. संध्याकाळी तेजस घरी येऊन सोफ्यात कोसळला तेव्हा तो घोळ हप्त्याहप्त्यानं बाहेर पडला. बरणीवाली मुलगी, पूर्णिमा, कर्वेनगरची. तिनंही रविवारीच लेप लावला होता. स्कूटीवरून येताना पुण्यातल्या मुली तोंडाला ओढणी गुंडाळतात, तशी तिनं गुंडाळली होती. पण ऑफिसात पोचूनही ती सोडेना, तेव्हा मैत्रिणींनी ओढून काढली. एका टीममधले दोघं एकाच सोमवारी एकाच पिवळ्या रंगाचे. पाहणाऱ्यांनी काय ते समजून घेतलं.

तेवढ्यावर थांबलं असतं, पण अकरा वाजता ऑस्ट्रेलियाच्या साहेबांशी व्हिडिओवर मीटिंग होती. साहेबांनी काळजीनं विचारलं, की या दोघांना कावीळ झालीय का. कावीळ म्हटलं तर माणसं बदलून मागतील, या भीतीनं श्रीनिवास या त्यांच्या मॅनेजरनं दिलं ठोकून, की आमच्याकडे लग्नात नवरानवरीला हळद लावतात, कालच यांचं झालं, तरी कामावर हजर आहेत. साहेब गहिवरले. त्यांनी सगळ्या कंपनीला अभिनंदनाची ईमेल धाडली. दुपारी केक आला. पूर्णिमा केक न कापता निघून गेली, ती तेजसशी एक शब्दही बोलली नाही.

"वर्षभर मी तिला नुसतं चहाला विचारायची हिंमत गोळा करायलोय," तेजस म्हणाला. "आता ती माझं तोंडसुद्धा बघणार नाही."

नागोरावांनी टीव्ही बंद केला. आपल्या पाचव्या चमच्यानं पोराचा संसार सुरू व्हायच्या आतच मोडला होता. ते तोंड उघडणार, तेवढ्यात बेल वाजली.

दारात एक सडपातळ गृहस्थ बरणी घेऊन उभे होते. मागे ओढणीत गुंडाळलेली मुलगी होती.

"मी दत्तप्रसाद. हिचे वडील," गृहस्थ म्हणाले. "आमच्या मुलीचं काल आपल्याकडे लग्न झालं म्हणे. माझा पुतण्या त्याच कंपनीत आहे, त्याच्याकडून कळलं. आमंत्रण आलं नाही, टपालखात्याचा घोळ असावा."

त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. दत्तप्रसादरावांनी पाण्याला हात लावला नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. डाग पडणार हे माहीत असल्याशिवाय कुणी अशी बरणी देत नाही. मुलीला पिवळी करायची, स्वतः पिवळं व्हायचं आणि गावाला बोलायला लावायचं, हा या मुलाचा डाव होता.

"अहो, आंबेहळदीचा डाग पडतच नाही," कौशल्याबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. "उद्याच त्या दुकानदाराला..."

तेजसनं मान खाली घातली होती. ती पिवळी मान पाहून नागोराव उठले, स्वयंपाकघरात गेले आणि हळदीचं पोतं उचलून दिवाणखान्याच्या मधोमध आणून ठेवलं.

"पोराचा दोष न्हाई," ते म्हणाले. "दुकानदाराचाबी न्हाई. मी आंबेहळद आणलीच न्हवती. आमच्या भावाच्या शेतातली ही हळद हाय. चार चमचे सांगितले होते, मी पाच घातले."

कौशल्याबाईंनी नवऱ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिचा हिशेब पुढे बरेच दिवस चालला. दत्तप्रसादराव मात्र पोत्याजवळ गेले. त्यांनी वाकून चिमूटभर हळद तळहातावर घेतली, चोळली, हुंगली. मग खिशातल्या रुमालानं तळहात पुसून पाहिला. रुमाल पिवळा झाला, हात पिवळाच राहिला.

"हळद चांगली आहे," ते म्हणाले.

पुणेरी माणसाकडून एवढं ऐकायला मिळालं, आणि नागोरावांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. तेवढ्यात ओढणीतून खुसखुस ऐकू आली. पूर्णिमानं ओढणी सोडली. तिचा पिवळाधमक चेहरा हसू आवरून आवरून दुखत असावा.

"तुला यात हसण्यासारखं काय दिसलं?" वडिलांनी विचारलं.

"अहो बाबा, सगळं ऑफिस माझं अभिनंदन करतंय, आणि ह्यानं मला अजून साधं चहाला विचारलेलं नाही. मला त्याचा राग आलाय."

 शेवटी तेजसनं घसा खाकरला आणि आपल्या आईबापांसमोर आणि तिच्या वडिलांसमोर, अंगातलं सगळं बळ एकवटून विचारलं, "चहा घेणार?"

"दोन कप टाका," दत्तप्रसादराव कौशल्याबाईंना म्हणाले. "यांना गॅलरीत द्या. आम्ही इथे पाण्यावर भागवू."

मार्गशीर्षात खरी हळद ठरली. कौशल्याबाईंनी या खेपेला धोका पत्करायचा नाही असं ठरवलं आणि नागोरावांना पुन्हा बुधवार पेठेत पिटाळलं. लावायला आंबेहळदच, आणि दुकानाचा शिक्का असलेली पुडी पाहिल्याशिवाय घरात घेणार नाही. गृहस्थ तिथेच होते, पेपरही तसाच होता.

"खायला की लावायला?"

"लावायला. पोराचं लगीन हाय. आंबेहळद द्या."

गृहस्थांनी पहिल्यांदाच पेपर खाली ठेवला.

"लग्नाला आंबेहळद काय करता? रंग चढायला नको का? खास वसमतचा माल आलाय, तो न्या. अशी हळद महाराष्ट्रात नाही."

नागोरावांनी कान देऊन ऐकलं. मग ऐकू आलं नाही असं दाखवून ते वाक्य पुन्हा एकदा बोलून घेतलं. पाव किलो सांगणार होते, ते त्यांनी एक किलो सांगितलं.

घरी कौशल्याबाईंनी शिक्का तपासला, पुडी फोडली, हुंगली. या वेळी त्यांना पडसं नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "घरात पोतंभर असताना ही विकत आणलीत?"