जयवंता माळणीच्या मनाची तपासणी

अमरावतीत कापसाला सोन्याचा भाव आला त्या दिवसांत, लक्ष्मीच्या नव्या देवळाच्या दारात फुलं विकणाऱ्या जयवंता माळणीची येशूवर श्रद्धा बसली. ही गोष्ट कोणाला विचारून झालेली नव्हती, हा तिच्यातला पहिला दोष.

कापसाच्या बाजारात एक गोरा पाद्री पेटीवर उभा राहून बोलत असे. गाड्यांच्या त्या रेट्यात त्याचं ऐकायला कोणाला सवड नव्हती. जयवंता मात्र टोपली उतरवून दम खायला टेकली होती. पाद्री सांगत होता की रानातलं फूल सूत कातायला जात नाही, तरी त्याच्या अंगावरच्या वस्त्रापुढे राजाचं वस्त्र फिकं पडतं, असं येशूने आपल्या माणसांना दाखवून दिलं. जयवंताने आजवर पुष्कळ देव पाहिले होते. सगळ्यांनी तिच्याकडून फुलं घेतली होती. फुलांकडे नुसतं बघा म्हणणारा हा पहिलाच. शिवाय सगळं वऱ्हाड ज्वारी मोडून कापूस पेरत असताना, कापसावाचूनही अंगभर शोभा येते असं भर कापूसबाजारात सांगायला छाती लागते, हेही तिला पटलं.

"साहेब, तुमचा येशू मले आवडला," ती पाद्रीला म्हणाली. "पन मी बाटनार नाई. बाटली त देवळाच्या दारातली जागा जाईन. नवरा नाई, घरी सासू हाये. त्या जागेवरच दोघी खातो."

पाद्री पुण्याच्या एका शास्त्र्याकडून मराठी शिकला होता, त्यामुळे त्याचं बोलणं अमरावतीत एका दमात कोणाला कळत नसे. "बाई, धर्म ही बाहेरची वस्तू होय. श्रद्धा ही आतली. मी तुजपाशी धर्म मागत नाही. तू श्रद्धा ठेव. धर्म जेथे आहे तेथे असो."

"म्हन्जे जागा राहीन?"

"कोणती जागा?"

"देवळाच्या दारातली. लिंबाखालची."

हा प्रश्न पाद्रीच्या शिक्षणात आलेला नव्हता. त्याने थोडा विचार केला आणि राहील म्हणाला.

हे देऊळ कापसाचे दलाल किसनराव यांनी बांधलं होतं. तिकडे अमेरिकेत घरातल्या घरात लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून वऱ्हाडचा चालला होता. किसनरावांचा धर्म लक्ष्मीचा होता आणि श्रद्धा अमेरिकेतल्या लढाईवर. दर शुक्रवारी लक्ष्मीला कमरेपर्यंत येईल असा हार घालून ते डोळे मिटत आणि लढाई लांबू दे, एवढंच मागत. यात कोणाला काही वावगं दिसलं नव्हतं, कारण ते मनातल्या मनात मागत.

जयवंताची चूक अशी की ती बोलली. आणि बोलली कोणाजवळ, तर गंगूबाईजवळ. गंगूबाईही फुलंच विकत असे, पण तिची जागा उन्हात होती. उन्हात बसणाऱ्याला सावलीतल्या माणसाच्या धर्माची काळजी अंमळ जास्त वाटते. दुसऱ्याच दिवशी माळ्यांची पंचायत बसली.

पंचायतीचे प्रमुख, म्हणजे चौधरी, होते खुशालराव. कापसाच्या हंगामात त्यांच्या मनगटावर सोन्याचं कडं आलं होतं, तेव्हापासून ते प्रत्येक वाक्याला हात वर करीत.

"जयवंते, तू बाटली म्हनतेत. खरं का?"

"नाई जी. धर्म हाये तठीच हाये. फक्त श्रद्धा तिकडं गेली."

"फक्त श्रद्धा?" खुशालरावांचा हात खाली आला. "मंग आदीच सांगा लागत होतं ना. आमी त जातजेवनाचा दंड ठोकून राहिलो होतो."

पंचांनी विचार केला. पंगतीत कोणाशेजारी बसता, पाणी कोणाच्या हातचं पिता, लेक कुठे देता, हा धर्म. तो जातीच्या अखत्यारीत. मनात काय आहे याची चौकशी आजवर कोणाचीच झाली नव्हती आणि ती सुरू करणं सगळ्यांनाच जड जाईल, यावर पंचांचं कधी नव्हे इतक्या लवकर एकमत झालं. श्रद्धा धर्मापासून वेगळी समजण्यात यावी, असं ठरून मंडळी तंबाखूच्या चंच्या बांधायला लागली.

"अन् माळेचं काय जी?" गंगूबाई म्हणाली. "सुई चालवतानी हिच्या मनात येशू असन, त माळ पोचन कोठी? दिसन लक्ष्मीच्या गळ्यात अन् पुन्य जाईन तिकडं."

देवळाचे मालक म्हणून किसनराव बाजूला पाटावर बसले होते. ते ताडकन उठले. "म्हन्जे माहा शुक्रवारचा हार परस्पर येशूच्या खात्यावर चढून राहिला? तरीच म्हनलं मागच्या हप्त्यात भाव काहून बसला."

चंच्या पुन्हा सुटल्या. प्रकरण आता मनापर्यंत आलं होतं. माळ ओवताना जयवंताच्या मनात कोण असतं याची रोज तपासणी व्हावी, हे ठरलं. तपासणीस म्हणून गंगूबाई नेमली गेली. पण मन तपासायचं कसं? यावर खुशालरावांनी तोड काढली.

"सासूले शिव्या देतानी बाईच्या मनात कोनताच देव टिकत नाई. हा माह्या घरचा अनुभव हाये."

त्याप्रमाणे हुकूम निघाला. माळ ओवताना, सुई चालू असेपर्यंत, जयवंताने सासूला अखंड शिव्या द्याव्यात. सासूने समक्ष हजर राहावं. शिव्या सौम्य असू नयेत.

"माह्यावर काहून?" सासू पार्वताबाई मागून म्हणाली. "मी काय केलं?"

"तुमी काई नाई केलं, मावशी," खुशालराव म्हणाले. "हा धर्माचा मामला हाये."

सासूसुनांचं आजवर बरं चाललं होतं. पहिल्या सकाळी जयवंताने आधी सासूच्या पाया पडून घेतलं, तिला पान लावून दिलं आणि मग सुईत दोरा घालून म्हणाली, "बुढे, तुले काई समजत नाई." गंगूबाईने शिवी नापास केली. इतक्या शिवीत येशू आरामात बसेल, असं तिचं मत पडलं. मग जयवंताचा आवाज चढला. कैदाशीण, खादाड, घुबड अशा पायऱ्या चढत ती पार्वताबाईच्या माहेरापर्यंत गेली. माहेराचं नाव निघताच पार्वताबाई हुकमात नसतानाही उत्तर द्यायला लागली. तिच्याजवळ जुना साठा होता. ऐकायला गर्दी जमली, फुलं हातोहात खपू लागली. तिवसा गावाहून येणारे गाडीवान कापूस उतरवला की आधी इकडे येत. लक्ष्मीच्या गळ्यात आता केवळ शिव्यांत ओवलेल्या शुद्ध माळा पडू लागल्या आणि किसनरावांना रात्री झोप लागायला लागली.

अशातच पाद्रीचे वरचे साहेब नागपूरहून आले. पाद्रीने आपल्या कामाचं फळ म्हणून त्यांना जयवंता दाखवायला आणलं. दोघं घोडागाडीतून उतरले तेव्हा मोगरा अर्धा ओवून झाला होता आणि विषय पार्वताबाईच्या दातांवर आला होता.

वरच्या साहेबांनी काही विचारलं. पाद्रीने घाम पुसत काही सांगितलं. मग साहेब बराच वेळ बोलले. पाद्रीची मान खाली खाली जात राहिली. शेवटी तो जयवंताजवळ आला.

"बाई, वरिष्ठांचे म्हणणे असे की नुसती श्रद्धा मोजता येत नाही. विलायतेत वर्गणी देणारे लोक किती माणसे धर्मात आली, असे विचारतात. सबब तू आधी धर्म घ्यावास. श्रद्धा मागाहून, सवडीने."

"अन् सवड नाई भेटली त?"

पाद्रीने इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. "मिशनच्या दुसऱ्या एका ठाण्यावर अशी पुष्कळ मंडळी आहेत. त्यांची कोणी चौकशी करीत नाही."

साहेबांची गाडी देवळाच्या दारात थांबली, एवढ्यावर पंचायतीची पाचावर धारण बसली. तातडीने पुन्हा बैठक भरली. गंगूबाईने तोवर आपली टोपली अर्धी सावलीत सरकवली होती.

"आता खेळ पुरे झाला," खुशालरावांचा हात वर गेला. "श्रद्धा सोड, नाई त जागा सोड."

जयवंता सरकत आलेल्या त्या टोपलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सोडली, त मंग कशी ठिऊ?"

"आमी ठिवतो तशी ठिव."

"तुमची कशी असते ते सांगा जी. तशीच ठिवीन."

पंचांनी खुशालरावांकडे पाहिलं. खुशालरावांनी किसनरावांकडे. किसनरावांनी देवळाच्या कळसाकडे. त्यांनीच अखेर घसा साफ केला. "म्हन्जे, असं पाह्य. सकाळची आंघोळ. एकादशीचा उपास. शुक्रवारचा हार."

"हा त धर्म झाला, मालक. तो माह्याजवळ हायेच. मी श्रद्धेचं पुसून राहिली."

एका पंचाने चुन्याची डबी उघडून पुन्हा बंद केली.

"जाऊ दे व पोरी," पार्वताबाई म्हणाली. "काहून अडवतं त्यायले? नसन त कोठून दाखोतीन बिचारे."

निकाल लागायला फार वेळ लागला नाही. जयवंताच्या मनात जे काही असेल ते नाही असं समजण्यात यावं. पेठेत सर्वत्र चालतो तसा तिने बिनश्रद्धेचा धर्म चालवावा. असं केल्यास जागा कायम. शिव्यांची अट रद्द. शेवटच्या कलमाने पार्वताबाई थोडी हिरमुसली, पण घरी चालू ठेवायला कोणाची मनाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली जयवंताने एकाच्या ऐवजी दोन टोपल्या मांडल्या. शुक्रवार होता. किसनराव हार घ्यायला आले.

"हे दोन काहून?"

"ही श्रद्धेची, मालक. आज पहाटेच तोडली. अन् ही धर्माची. कालची हाये. पानी मारलं, देवीले समजत नाई."

"भाव?"

"धर्माचा निम्मा."

किसनरावांनी मागे वळून पाहिलं. कोणी ऐकत नव्हतं. त्यांनी धर्माच्या टोपलीतला लांबसा हार उचलला. पाठोपाठ खुशालराव आले, त्यांनी घरासाठीही एक घेतला. ऊन डोक्यावर यायच्या आत धर्म संपला आणि लोक उद्याचा आजच सांगून ठेवायला लागले. तेव्हापासून त्या दारात हाच रिवाज आहे. माळ मागितली की आधी कोणती देऊ म्हणून विचारतात.

वाचकहो, तुम्ही हसलात, बरं वाटलं. मागल्या सणाला तुम्हीही घाईत चपला न काढता तिथे उभे होतात. तुम्हालाही विचारलं गेलं, कोणती देऊ. तुम्ही आधी भाव विचारलात.