मी माझ्या वडिलांना हेच देतो!

"आवाजाला मत नसतं!" असं भोंगेभाऊ छाती पुढे काढून सांगायचे. "पेंटर दुकानाची पाटी रंगवतो. म्हणून त्यानं त्याच दुकानातून साखर घ्यावी असं आहे का? तसाच मी. कागद द्या, वाचून देतो. खरंखोटं तुमचं, गळा माझा!"

त्यांचं खरं नाव फक्त बायकोला आठवायचं, तेही रागावल्यावर. बाकी सगळे त्यांना भोंगेभाऊच म्हणत. गल्लीबोळांतून जाहिरातीचे टेम्पो फिरायचे, त्यांवरच्या भोंग्यांतून येणारा आवाज त्यांचा. जिन्याखालच्या खोलीत भिंतींना जुनी ब्लँकेटं ठोकून त्यांनी रेकॉर्डिंगची जागा केली होती. तिथे एकदा माईकसमोर बसले, की असा भारदस्त, मायाळू, खात्रीचा आवाज काढत, की ऐकणाऱ्यानं हातातलं काम सोडून खिडकीत यावं. घरात मात्र हाच माणूस मीठ मागतानासुद्धा असा पुटपुटायचा, की बायकोला दोनदा विचारावं लागे.

त्यांच्या धंद्याचं खरं भांडवल म्हणजे एक वाक्य. जाहिरात काहीचीही असो, शेवटी ते जरा थांबायचे, आवाज किंचित खाली आणायचे आणि म्हणायचे, "मी माझ्या वडिलांना हेच देतो!" चपला, उशा, गुडघ्यांचं मलम, भिंतीचा रंग, सगळं काही भोंगेभाऊ वडिलांना देत होते. दुकानदार खूश, गिऱ्हाईक खूश!

वडील म्हणजे अण्णा. जन्मभर कारखान्यात मुकादमी केलेली, यंत्रांच्या खडखडाटात कान अधू झालेले. पहिल्या मजल्यावर, पोपडे निघालेल्या भिंतीशी, खिडकीजवळ ते बसून असायचे. पायातल्या चपलेचा पट्टा तुटला होता, तो त्यांनी दोरीनं बांधला होता. घरातलं बोलणं त्यांना ऐकू यायचं नाही, पण टेम्पो गेला की त्याचा शब्दन् शब्द कळायचा.

"मला चपला देतोस म्हणे?" एकदा त्यांनी विचारलं होतं.

"अण्णा, ते जाहिरातीत म्हणायचं असतं."

"काय?"

"काही नाही."

अण्णा चपलेच्या दोरीकडे बघत राहिले. नंतर त्यांनी तो विषय काढला नाही, आणि भोंगेभाऊही विसरून गेले.

मग साथ आली आणि शहराचे दोन तुकडे झाले. आजारी आणि बरे असे नव्हेत! आजाऱ्यांचं तर कुणी ऐकतच नव्हतं. एकीकडे मास्कवाले आणि दुसरीकडे थेंबवाले. मास्कवाले म्हणायचे, तोंड झाका, दुकानं बंद ठेवा, घरात बसा. थेंबवाले म्हणायचे, हे सगळं थोतांड आहे. नाकात सकाळ-संध्याकाळ तेलाचे दोन थेंब टाका, मास्क नको आणि दवाखानाही नको. हे थेंब शोधून काढणाऱ्या गृहस्थांना लोक थेंबकाका म्हणू लागले होते. साथीच्या आधी ते केस उगवण्याचं तेल विकायचे. बाटली तीच होती, लेबल तेवढं नवीन होतं.

एका सकाळी आरोग्य खात्याच्या बाई जिन्याखाली आल्या.

"'घरी थांबा, ताप आला तर लगेच दवाखान्यात या', एवढंच म्हणायचंय. आणि शेवटी ते तुमचं वडिलांचं वाक्य टाका. लोक आमचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात."

"टाकतो की!" भोंगेभाऊ म्हणाले, आणि शेवटी म्हणाले, "मी माझ्या वडिलांना हेच सांगतो!"

त्याच दुपारी थेंबकाका आले. त्यांनाही तेच वाक्य हवं होतं. भोंगेभाऊंनी तेही टाकलं.

"अहो, एकाच तोंडानं दोन्ही?" बायकोनं विचारलं.

"तोंड नव्हे, गळा," भोंगेभाऊ म्हणाले आणि जेवायला बसले.

दोन-तीन दिवसांतच दोन्ही टेम्पो भर चौकात समोरासमोर आले. गाडी मागे घ्यायला एकही ड्रायव्हर तयार होईना, आणि भोंगेभाऊंचं स्वतःशीच कडाक्याचं भांडण सुरू झालं!

"घराबाहेर पडू नका!" एक भोंगा गरजला.

"बिनधास्त बाहेर पडा!" दुसरा ओरडला.

"ताप आला तर दवाखान्यात या!"

"दवाखान्याची पायरी चढूच नका!"

आणि मग दोन्हीकडून, तितक्याच मायेनं, वडील! लोक पोट धरून हसले. संचारबंदी लागल्यापासून चौकात एवढी गर्दी झाली नव्हती, ती गर्दी न करण्याची सूचना ऐकायला झाली. हसता हसता वाद सुरू झाला. शेजारच्या इमारतीत एक निवृत्त नर्सबाई राहत. त्या म्हणाल्या, "ऐका जरा, घरी थांबा म्हणतायत."

"बाई, तुमची पेन्शन घरबसल्या येते," कोपऱ्यावरचे टेलरमास्तर उसळले. "माझं दुकान बंद आहे. शिलाई मशीनवर पांढरी चादर टाकून ठेवलीय. मला तिकडे बघवतसुद्धा नाही!"

"आणि मी गेल्या साथीत ज्यांच्यावर चादरी घातल्या, ती मशीनं नव्हती, मास्तर."

खरं बोलून दोन माणसं एकमेकांना गप्प करतात, तेव्हा तिथेच थांबायला हवं. पण गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, "ते जाऊ द्या हो! भाऊंचे वडील नक्की काय करतात, तेच बघून येऊ!"

आणि अख्खा चौक अण्णांच्या खिडकीखाली आला.

तेव्हापासून हा रोजचाच कार्यक्रम झाला. अण्णा खिडकीत दिसले, की खालून निकाल लागायचा. "चेहऱ्यावर तेज बघा, थेंबांचं!" "थेंबांचं कसलं, घरात बसल्याचं!" अण्णा शिंकले की अर्धी गल्ली दोन पावलं मागे सरायची. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच एवढी माणसं आपली वाट बघतायत म्हटल्यावर अण्णाही खुलले. सकाळी उठून भांग पाडू लागले.

मग एक दिवस त्यांनी हात पुढे केला. "थेंब देतोस म्हणे मला. कुठायत?"

भोंगेभाऊंना का कोण जाणे, त्या दोरीच्या चपलेची आठवण झाली आणि लाज वाटली. थेंबकाकांनी नमुना म्हणून फुकट दिलेली बाटली जिन्याखाली पडून होती. ती त्यांनी आणून दिली. एवढ्या वर्षांत जाहिरातीतली पहिलीच वस्तू अण्णांच्या हातात पडत होती! अण्णांनी ती दोन्ही हातांत धरून वाचली आणि लेबल रस्त्याच्या बाजूला करून खिडकीत ठेवली.

"मुलानं दिली," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, आणि सकाळ-संध्याकाळ नेमानं दोन थेंब नाकात टाकू लागले.

येणारे-जाणारे आता वर येऊ लागले होते. थेंबवाल्यांना मास्कची गरज नव्हती, त्यामुळे ते अण्णांचा हात हातात घेऊन, अगदी जवळ बसून गप्पा मारायचे. "अहो, यांना थांबवा ना," बायको सांगून थकली. भोंगेभाऊ पुटपुटले, "अण्णांना बरं वाटतंय." ते खरं होतं. पण धंदाही जोरात होता, हेही खरं होतं.

आठवड्याभरात अण्णांना ताप भरला. पुढे खोकला आला, आणि एका सकाळी पलंगाचा कठडा धरून ते नुसते श्वास मोजत बसले.

"अण्णा, दवाखान्यात जाऊ या."

"काय?"

"दवाखान्यात!"

"ऐकू आलं." अण्णांनी जरा दम खाल्ला. "खाली माणसं उभी आहेत. रोज गाडीवरून सांगतोस ना, वडिलांना देतो म्हणून? मी दवाखान्यात गेलो, तर तू खोटा पडशील."

"पडू दे ना, अण्णा!"

"तू आवाजावर जगतोस. मुकादमाचा शब्द गेला, की यंत्रापाशी कुणी उभं राहत नाही. मला माहितीय ते." त्यांनी खिडकीतली बाटली उचलून छातीशी धरली. "तू दिलीयस. होईल बरं."

भोंगेभाऊंना आता कळलं. आपण भाड्यानं दिलेलं वाक्य ह्या एका माणसानं खरं धरलं होतं, आणि आता त्याच्यासाठी तो जीव पणाला लावून बसला होता.

बायकोनं केव्हाच दवाखान्यात फोन केला होता. रुग्णवाहिका आली, पण गल्लीच्या तोंडाशी अडकली. तिथे थेंबकाकांचा टेम्पो आडवा उभा होता, त्याच्या भोवती थेंबवाले आणि थेंबवाल्यांच्या समोर मास्कवाले.

"नाटक आहे! अण्णांना काहीही झालेलं नाही!"

"झालंय! बघा, उघडे पडलात!"

"खोकला म्हणजे थेंब रोग बाहेर काढतायत!" हे स्वतः थेंबकाका.

आणि सगळ्यांच्या डोक्यावर भोंगा बोलत होता, मायेनं, खात्रीनं, "दवाखान्याची पायरी चढूच नका! मी माझ्या वडिलांना हेच देतो!"

भोंगेभाऊ जिना उतरून धावले. "बाजूला व्हा," ते म्हणाले. कुणाला ऐकूच गेलं नाही. "अहो, बाजूला व्हा ना!" त्यांचा तो घरातला आवाज! मीठ मागायचा! वर त्यांचाच दुसरा आवाज त्यांना दाबून टाकत होता. शेवटी ते टेम्पोत चढले, रेकॉर्डिंग बंद केलं आणि ड्रायव्हरच्या हातातून माईक ओढून घेतला.

"लक्ष द्या," ते म्हणाले आणि थांबले. समोर कागद नव्हता. जन्मात ते कागदाशिवाय माईकवर बोलले नव्हते. गल्ली वर बघत होती.

"तो आवाज माझा आहे. दोन्हीकडचा माझाच. मी वडिलांना देतो, देतो म्हणतो. चपला दिल्या नाहीत. उशी दिली नाही. रंग दिला नाही, वर येऊन भिंती बघा. थेंब मात्र दिले. खरंच दिले. आणि आता त्यांना श्वास घेता येत नाहीय."

भोंगेभाऊंनी खिडकीकडे तोंड केलं आणि भोंग्यातून, अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असे रडले.

"अण्णा, मी खोटा पडलो हो! सगळ्यांसमोर पडलो. आता तुम्ही सांभाळायचं असं काही उरलं नाही. चला ना!"

वरून खोकत, तुटत, पण मुकादमाच्या आवाजात उत्तर आलं, "ऐकू आलं!"

पहिले हलले ते टेलरमास्तर. जिना अरुंद, स्ट्रेचर वळेना. त्यांनी अण्णांना खुर्चीत बसवून ती एका बाजूनं उचलली आणि दुसऱ्या बाजूनं भोंगेभाऊंनी. नर्सबाई पुढे चालत होत्या.

"मास्तर, मास्क नाकावर घ्या!"

"बाई, जिना तर उतरू द्या!"

"नाकावर!"

मास्तरांचे हात खुर्चीत अडकलेले. शेवटी बाईंनीच वळून तो त्यांच्या नाकावर ओढला. टेम्पो आता ड्रायव्हर न सांगताच मागे घेत होता.

दवाखान्यात कुणाला आत सोडत नव्हते. भोंगेभाऊ रोज फाटकाबाहेर उभे राहत आणि कोणती खिडकी अण्णांची असेल याचा अंदाज करत. तिथे भोंगा नव्हता. असता तरी काय बोलायचं, ते त्यांना सुचलं नसतं.

अण्णा घरी आले ते निम्मे होऊन आले. पण आले. मुकादमाचा आवाज मात्र गेला. आता तेच पुटपुटायचे आणि भोंगेभाऊ घरातही मोठ्यानं बोलायला शिकले. वाद मिटला म्हणाल, तर नाव नको! मास्कवाले म्हणाले, दवाखान्यानं वाचवलं. थेंबवाल्यांतले बरेच गप्प बसले, पण थेंबकाका म्हणाले, बाटली अर्धीच संपली होती, पूर्ण घेतली असती तर ही वेळच आली नसती. बंदी उठली, मास्तरांनी मशीनवरची चादर काढली, आणि भोंगेभाऊंकडे मात्र कुणी फिरकेना. ज्याला दोन्ही बाजूंनी बोलताना ऐकलंय, त्याला आता कोण ऐकणार?

शेवटी एकदाचे चपलांच्या दुकानाचे मालक आले. अण्णा खिडकीत होते, भोंगेभाऊ त्यांच्याजवळ बसले होते.

"दुकान पुन्हा उघडतोय, भाऊ. छान जाहिरात करा. आणि शेवटी ते वडिलांचं वाक्य."

भोंगेभाऊ उठले. छाती पुढे आली. "शेठ, बाकी काय हवं ते वाचतो. पण ते वाक्य आता भाड्यानं मिळणार नाही!" असं ठणकावून ते अण्णांकडे वळले. अण्णा निदान मान तरी डोलावतील, अशी त्यांची अपेक्षा असावी.

अण्णांनी दोरीची चप्पल काढून बाजूला ठेवली आणि पाय पुढे केला.

"माप नऊ," ते पुटपुटले. "आधी आणून दे. मग खुशाल ओरड."